पानं उलटणारी

अग्निशमन केंद्राचे दोन्ही बंब बाहेर उन्हात,
आत शाळेतून आणलेल्या खुर्च्या,
डिझेलच्या वासात पियानो.
रात्रीचे साडेनऊ, आणि ऊन अजून
तळ्यावरून हललेलं नाही.

वर्षभर मी या गावात टपाल वाटते,
महोत्सवाच्या आठवड्यात पानं उलटते.
स्वरलिपी येत नाही मला.
हेलसिंकीची पियानोवाली मान हलवते,
तेवढंच वाचते.

तिसऱ्या भागात चेलो एकटाच बोलू लागला
आणि भोंगा झाला.
मागच्या रांगेतले सहा जण उठले.
तौनोने कोट काढला,
घडी करून खुर्चीवर ठेवला,
जागा धरल्यासारखा.
खडी करकरत गेली चाकांखाली.

कुणी वाजवलं नाही. खोकलंही नाही कुणी.
हिल्क्काने कॉफीचा थर्मास फिरवला
तेव्हा कळलं, पान माझ्या चिमटीत आहे
अजून.

पाऊण तासाने आले, काजळलेले.
"सौना होती नुसती," तौनो म्हणाला,
"आत कुणी नव्हतं."
कोट मांडीवर घेऊन बसला.

चेलोने तीच ओळ पहिल्यापासून घेतली,
जरा सावकाश.
त्याच्या हातांकडे बघत होते मी, तौनोच्या.
मान हलली,
मला उशीर झाला.