बत्तीस मिलीमीटर

अण्णा सिन्नरहून आले ते तीन गोण्या घेऊन.
लिफ्ट बंद, आमचा दुसरा मजला.
रिक्षावाल्याने विचारलं, कांदे का?
म्हटलं, दगड.
तो हसला नाही,
वीस रुपये मात्र जास्त घेतले.

सदतीस वर्षं खडीच्या क्रशरवर.
सुरुंग उडाला की बाकीचे चहाला जात,
हे खाणीत उतरत,
काळ्याच्या पोटात पांढरं काही उमललंय का बघायला.
तेच आता माझ्या हॉलमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं:
सुयांचा गोळा, मोराच्या पिसाऱ्यासारखं एक,
आणि हिरवा, मुसळगावच्या विहिरीतला,
जो ते कुणाच्या हातात देत नाहीत.

खिडकी आणि फ्रिजच्या मधे जागा भरली
एक मीटर चार.
या मापाचं कपाट कुठलीच कंपनी करत नाही.
दुकानात ऐंशी, नाहीतर एकशेवीस;
भिंत तुम्ही आणा त्या बेताची.

मग होतं तेच उघडलं.
प्रणोतीचा पाळणा (ती आता नववीत),
चाकणला बदली झालेल्या कुंदाचं चपलांचं रॅक,
आणि सोसायटीच्या जिन्याखाली कुणी टाकलेलं टीव्ही युनिट,
एक कोपरा पाणी पिऊन फुगलेला.
तिन्ही पांढरी म्हणे.
एक सायीचं, एक दातांचं,
एक दवाखान्याच्या भिंतीचं.

अंबडला मी दिवसभर व्हर्निअर धरते.
केसभर चुकलं तरी लॉट परत.
तोच व्हर्निअर घरी आणला, शनिवारी, न सांगता.
भोकापासून भोक: बत्तीस.
दुसऱ्या कंपनीचं: बत्तीस.
तिसरीचंही.
मी खाली बसले.
परक्या लग्नात, अनोळखी बाईच्या तोंडून
माझ्या आजोळचा शब्द यावा
तसं झालं.

कडेपासूनचं माप मात्र हटून बसलं.
एकीचं सदतीस, दुसरीचं चौतीस.
तिथे नवी भोकं पाडली,
ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी, आरपार जाऊ नये म्हणून.
भुसा उडाला. त्याला झाडाचा वास नव्हता,
खळीचा होता, जुन्या वह्यांचा.

पुस्तिका नव्हती.
पुस्तिकेतला तो टकला, हसरा,
एका हाताने सगळं उचलणारा माणूस नव्हता.
अण्णा होते, उलट्या बादलीवर.
“जड कुठं ठेवशील?”
खाली, मी म्हटलं.
“खाली नाही. पायावर.
मधोमध ठेवलेला दगड
फळीला रोज थोडं थोडं विचारत राहतो.”

मी ऐकलं नाही.
सकाळी मधल्या फळीला पोट आलेलं, तीन मिलीमीटर.
अण्णा काही बोलले नाहीत, चहा फुंकत राहिले.
पाळण्याचा वरचा दांडा कापून खाली आडवा ठोकला.
याला धरून ती पहिल्यांदा उभी राहिली होती;
दुधाच्या दातांचे ठसे आहेत अजून.
ती बाजू मी भिंतीकडे फिरवली नाही.

झालं उभं.
दारं दोन, एक मूठ गोल, एक लांब.
डावं दार पावसाळ्यात कुरकुरेल, मला माहीत आहे.
आणि जुनी भोकं, ज्यांना आता काही काम नाही,
सतरा.
लांबी भरू का, विचारलं.
अण्णांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली,
तंबाखूची वाटली मला.
आत चुरा होता, खाणीतला,
मोहरीएवढे स्फटिक, कुणी विकतही घेणार नाही असे.
नखावर फेविकॉल घेऊन ते एकेक भोकात बसवत गेले,
दुपारभर, चष्मा कपाळावर.
अकरा झाली. बाकीची राहू दे म्हणाले,
खाण बंद थोडीच झाली आहे.

रॅकचा एक ड्रॉवर कुठेच बसला नाही,
दोन मिलीमीटर जास्त भरत होता.
तो ओट्याखाली आहे.
त्यात कांदे.