हौदापर्यंत

दारव्ह्याच्या दुकानातलं पोरगं इचारते,
‘काकू, भिंती इटेच्या का मातीच्या?’
मी दोन्ही हातांनी जाडी दाखवली.
‘मंग दोन कांड्यायचं नाही चालत,
माती रेंज पिते.’

पिते म्हणे.
मीच सारवली आजवर ते भिंत,
काय काय पेली तिनं, मले इचार.

चार कांड्यायचं बाराशेनं महाग.
यायनं तर बजावलं होतं : स्वस्तातलं आण,
बैठकीत लावू, टीव्हीच्या बाजूले.

‘कुठवर पोचाले पाह्यजे?’
सुनेचं नाव नाही घेतलं.
दुपारी भांडे घासून करिश्मा
सांदवाडीत हौदापाशी पालथ्या घमेल्यावर बसते,
मोबाइल उंच धरून.
पडद्यावर तिच्या मायचं तोंड थिजते, उघडंच,
अन् थे वाट पाह्यते
पुढचा शब्द येईपर्यंत.
कधी शब्द येते,
कधी नुसती तिकडच्या कुकरची शिटी.

‘हौदापर्यंत,’ मी म्हटलं.
‘तिथं काय हाय?’
‘सावली हाय.’

एसटीत डबा मांडीवर.
बाराशे कुठं गेले, घरी काय सांगाचं,
अजून तीन गावं हायेत मधात.