चिरेच्या टोकाला

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून
रंगराव उद्यमनगरात आला,
काखेत तडकलेला सिंबल.

"कासं हाय. डाग बसायचा न्हाई,"
दस्तगीर टर्नर म्हणाला.
"चिरेच्या टोकाला भोक पाडतो,
म्हंजे फुडं पळायची न्हाई."

ड्रिल फिरलं. पिवळा कीस बुटांवर.

"रेकॉर्डवर नाव असतंय व्हय तुझं?"
"गायकाचं असतं."
"आमचंबी पंपावर कुठं असतंय."

शिलाँग, दिमापूर, कुणाकुणाच्या व्हॅनमधली झोप;
रेकॉर्डवर त्याचा आवाज एवढाच:
काड्या आपटत मोजलेले चार,
तेही मागाहून कापलेले.

दस्तगीरनं पान्यानं वाजवून बघितलं.
नाद आखूड झालेला, पण सरळ.
शेजारचं लेथ त्याच लयीत चालू.

पावती फाडली:
रंगराव. भोक एक. वीस रुपये.