असंच

इंदोऱ्यात, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत
रविवारी दुपार कलली की पंचफुलाबाई
तीन विटांवर मडकं पालथं घालते,
खाली बाभळीची दोन लाकडं सारते
आणि कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या रिटायरमेंटच्या
लांब पोळ्या टाकत बसते.

मी पोळ्या घ्यायला जायचो. फक्त घ्यायला.
चौथ्या खेपेला तोंडातून निघून गेलं,
मी टाकून पाहू एक?
ती मडक्यावरची नजर न काढता म्हणाली,
"घड्याळ काढा. हात धुवा."

कणीक इतकी सैल की तिला गोळा म्हणवत नाही.
परातीत आपटायची, उचलायची, पुन्हा आपटायची,
मग मनगटावरून कोपरापर्यंत
तिची ती उतरू द्यायची,
झोपेतलं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तशी.

पहिली माझ्या कोपरालाच चिकटून राहिली.
दुसरी मडक्यावर पडली, गडचिरोलीच्या नकाशासारखी.
तिसरी थेट विस्तवात.
चौथी लाल्या कुत्र्यानं खाल्ली
आणि तो पाचवीसाठी शेपूट आवरून बसला.
एवढा भरवसा माझ्यावर
बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी ठेवला नव्हता.

"भेता काऊन जी?" पंचफुलाबाई म्हणाली.
"पोळी हाय ते, फाईल नोये.
फाटली तं फाटली.
लोक खातानी फाडतेतच नं!"

तिचा नातू सुगत पायरीवर बसून मोजायचा,
"काका, अकरा फाटल्या!"
शतकाजवळ आल्यासारखा.

सोमवारी ऑडिटच्या टेबलावर
ढोक मॅडमनी माझा हात पाहिला.
केस कुठे गेले हो हातावरचे?
जळाले.
काऊन?
असंच, म्हटलं.
लाल पेन उघडंच राहिलं हातात.
हा शब्द मी आजवर
कुणाच्याही रकान्यात मंजूर केलेला नाही.

मे महिना. गल्लीभर कूलरची घरघर,
वाळ्याचा वास, वर धूर.
पंचफुलाबाई सांगत होती,
माय बाजारात गेली की ही मागच्या अंगणात
चिखलाच्या पोळ्या टाकायची, फुटक्या घागरीवर,
आणि एकदा धाकट्या भावानं एक खाल्लीसुद्धा,
"अन् म्हणते कसा, मीठ कमी हाय!"
मी हसत होतो. हात काय करतायत
याकडे माझं लक्षच नव्हतं.

कणीक कोपरापर्यंत आली, थांबली नाही.
तिच्यातून पलीकडचा सुगत दिसला,
त्याच्या शर्टावरच्या निळ्या पट्ट्यासुद्धा.
मग ती मडक्यावर गेली,
कडेपासून कडेपर्यंत, पूर्ण.

कुणी काही बोललं नाही.
सुगत मोजायचं विसरला.
पंचफुलाबाईनं ती उलथली, घडी घातली
आणि ऑर्डरीच्या टोपल्यात ठेवली,
तिच्या पोळ्यांवर, तिच्या पोळ्यांसारखीच.

पुढची फाटली.
लाल्या उठून उभा राहिला.