आधी लोकर

गुरुवारी दुपारी मुसल्लमनं लँडक्रूझर आणली,
पांढरी, बॉनेटवर अजून वाळू.
मोबाईलवर फोटो: काटा लाल रेघेच्या पलीकडे.
लिवाच्या तिसऱ्या टेकडीवर, तो म्हणाला,
एसी बंद करून हीटर लावला,
इंजिनाचा ताप अंगावर घेतला, काचा खाली,
आणि मागच्या सीटवर बायको
एक शब्द बोलत नव्हती.
"भोकं पाड," म्हणाला. "कुठंही पाड."

कुठंही नाही पाडता येत.

कासमभाई मुकादम, दाभोळचे,
माझ्याआधी मुसफ्फ्याच्या याच शेडमध्ये
एकोणीस वर्षं पत्र्यावर वाकलेले.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं:
गरम हवा वर जाते, हे उभ्या गाडीचं झालं.
धावत्या गाडीत ती तिकडे जाते
जिथं बाहेरून तिला कुणी ढकलत नाही.
काचेच्या पायथ्याशी कापशील
तर बाहेरचाच वारा आत शिरेल
आणि गिऱ्हाईक पैसे मोजून ताप विकत घेईल.

म्हणून आधी लोकर.
शाजीच्या बायकोनं बाळाची टोपी विणली,
त्यातली उरलेली, लाल.
बोटबोटभर तुकडे, चिकटपट्टीनं ओळीनं लावले,
आणि गोदामांमागच्या रस्त्यावर
शाजीनं ऐंशीनं गाडी पळवली,
मी खिडकीतून मान बाहेर, डोळ्यांत धूळ.
पुढचे धागे शहाण्यासारखे आडवे झोपले.
काचेजवळचे गोंधळले, गोल फिरले, उलटे आले.
पण रेडिएटरच्या पाठीमागे, वीतभर पट्ट्यात,
धागे उठून उभे राहिले,
कुणी शेंडी धरून उचलावं तसे.

तिथं खडू.
आतली फासळी सोडून ग्राइंडर,
ठिणग्या, मग कानस,
मग एकेक पाकळी मागं तोंड करून वळवली
सुरमईच्या कल्ल्यांसारखी.
"पाऊस आला तर?" मुसल्लमनं विचारलं.
गुलबाज रंगाची बंदूक खाली ठेवून हसला,
नंतर वर्षभरापूर्वीचं पाणी आठवून गप्प झाला.
मी खालून पत्र्याची पन्हळ लावून दिली.
तिचे पैसे धरले नाहीत.

साडेबारा ते तीन उन्हात काम बंद, असा कायदा आहे.
आम्ही सावलीत असतो.
सावली म्हणजे हा पत्रा,
आणि रमजानपासून जळून पडलेला एक पंखा.
घरी फोनवर ती विचारते, उकडतंय का?
मी म्हणतो, नाही गं, फार नाही.

त्या संध्याकाळी लोकर उरली होती.
शिडी लावली आणि छताच्या आतून,
कैचीकैचीला, एकेक धागा बांधत गेलो.
शाजी खालून म्हणाला, वेड लागलं.
सत्तावीस धागे. सत्तावीसही सरळ खाली,
शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरांसारखे.
मालकाला दाखवलं. तो म्हणाला,
छत माझं नाही, जागेवाल्याचं.
जागेवाला कोण, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

शनिवारी मुसल्लमचा आवाज आला, लिवाहून,
मागे इंजिनाची घरघर:
काटा मधोमध आहे, मिस्त्री,
उभा राहिलो की बॉनेटवरची हवा पाण्यासारखी हलते.
आणि बायको बोलली.
काय बोलली?
म्हणाली, एसी वाढव.

कासमभाईंना हे सगळं फोनवर सांगितलं.
छताचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मी म्हटलं, भाई, लाइन आहे का?
म्हणाले, आहे.
एकोणीस वर्षं, म्हणाले,
माझ्या डोक्यात कसं आलं नाही.
मग: एकही हलत नाही?

एक हलतो.
मागच्या दाराच्या चौकटीवर, डावीकडचा,
दुपारी चारच्या सुमारास, थोडासा.
आता चहा आम्ही तिथंच पितो,
तिघं, खांद्याला खांदा लावून,
आणि ग्लास तोंडाला लावण्याआधी
एकदा वर बघतो.