चोवीस तास

पाटीवर लिहिलंय: इथे बोट बांधा. चोवीस तास. फुकट.
पाटी मीच रंगवली होती, सात वर्षांपूर्वी,
हिरव्यावर पांढरी अक्षरं.
आता तिच्यावर कुणाचे तरी पायमोजे वाळतायत.

विदरी लॉकच्या खाली, टेम्सच्या वळणावर
जागा तीन बोटींची, बोटी सात.
'पेशन्स' नावाची लांबलचक बार्ज,
तिला बिलगलेल्या इतर,
आणि एक अर्धी बुडालेली, जिच्या केबिनमध्ये
बदकीण अंडी उबवतेय.
ती कुणाची म्हणून विचारलं
की सगळे आभाळाकडे बघतात.
काठावर सरपण, गॅसच्या टाक्या, तीन चाकांची सायकल,
जुन्या बाथटबात टोमॅटो.
टेकायला ओसरी दिली,
तर ओसरीवर चूल मांडली.

मी नदीखात्याचा माणूस.
पिशवीत नोटिसा, प्लास्टिकचे बंद, कॅमेरा,
आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं.
मर्ल दाराशी येते, हाताला डिझेलचा वास.
कधीपासून आहात?
'काल रात्रीपासून.'
मागच्या मंगळवारीही ती काल रात्रीपासूनच होती.
त्याच्या मागच्याही.
पत्ता?
'लिही ना, तुझ्या पाटीखाली.'
गावातल्या एका खोलीचं भाडं तिनं मला सांगितलं.
तो आकडा लिहायला
माझ्या कागदावर रकाना नव्हता.

शनिवारी संध्याकाळी लेनर्ड आणि बेरिल आले,
भाड्याची छोटी बोट, आठवड्यापुरती.
पावसानं नदी फुगलेली, लॉकवर लाल फळी,
पुढे जायची सोय नाही.
लेनर्डचे हात सुकाणूवर थरथरत होते, वयानं की थंडीनं,
आणि बेरिल पुढच्या टोकाला उभी, हातात दोराचं वेटोळं,
टाकायचा कुठे ते शोधत.
एक फेरी. दुसरी. तिसरीला इंजिन खोकलं.
'हा धक्का लोकांसाठी आहे ना?' ती माझ्यावर ओरडली.
हो, म्हणालो.
'मग आम्ही कोण?'

सातही बोटींच्या खिडक्यांतून
लोक बघत होते.

मला काय करता आलं असतं?
माझा अधिकार कागदाचा,
आणि कागद लागू व्हायला अठ्ठावीस दिवस.
मर्लनंच हात पुढे केला. टाक, म्हणाली.
दोर पहिल्यांदा पाण्यात पडला, दुसऱ्यांदा तिच्या छातीवर.
तिनं तो 'पेशन्स'च्या कड्याला दोन फेरे मारून आवळला,
मग बेरिलला कोपराला धरून अलीकडे घेतलं.
बोटीला बोट बांधायला मनाई आहे,
कलम नऊ.
मी पायमोज्यांकडे बघत राहिलो.

रात्री 'पेशन्स'च्या धुराड्यातून कांद्याचा वास आला,
आणि बेरिलचं हसणं, जरा जास्तच मोठं.
सकाळी जाताना मात्र ती मला बाजूला घेऊन म्हणाली,
बाई भली आहे,
पण तुम्ही तिला हलवा.
मी मान हलवली. दोन्ही वाक्यांना.

आज पुरावा घ्यायला आलोय.
वकिलाला हवी मुक्कामाची तारीख,
'काल रात्रीपासून' कोर्टात चालत नाही.
बोटींचे फोटो झाले, सरपणाचे, टोमॅटोंचे,
आणि मग मला दिसला दोर बांधायचा खांब,
सरकारी, माझ्याच खात्याचा,
त्यावर खडूनं नव्हे, चाकूनं कोरलेल्या रेघा.
सर्वांत खालची मागच्या ऑक्टोबरातली.
वर डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल,
प्रत्येकीशेजारी नाव: टॅम्झिन.
एवढी स्पष्ट नोंद
आमच्या दप्तरातही नाही.

मी कॅमेरा काढला.
ती कुठूनशी धावत आली, मर्लची पोर,
बूट फेकले,
खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली,
टाचा टेकवून, हनुवटी वर, श्वास रोखून.

'वाढले का?' तिनं विचारलं, ओठ न हलवता.