सतरा नंबरची पट्टी

अंबडला, एक्सलो पॉइंटच्या मागच्या शेडमध्ये
रात्रपाळीला आम्ही दोघंच:
भट्टीपाशी निवृत्ती गांगुर्डे, सूक्ष्मदर्शकापाशी मी.
मधे राखाडी पट्टी,
काडेपेटीतल्या दोन काड्या जोडून धराव्यात एवढी.

हिऱ्याचं टोक मी तिच्यावर दाबते.
खळगा उमटतो चौकोनी, आणि चारही कोपऱ्यांतून
तडे निघतात, वाटण्या झालेल्या भावांसारखे,
एकमेकांकडे न बघता.

काच असती तर एव्हाना संपलं असतं.
काचेतल्या तड्याला वाटेत कुणी हटकत नाही.
इथे कण लांबट, आडवेतिडवे,
इगतपुरीकडच्या खळ्यावर साळीचा पेंढा पडावा तसे;
एकाला टाळावं तर दुसरा पुढ्यात.
तडा वळतो. पुन्हा वळतो.
आणि तो पुढे सरकला तरी मागे काही कण
दोन्ही काठ धरून असतातच,
उसवलेल्या पिशवीच्या शेवटच्या दोऱ्यासारखे.
जितका लांब गेला, तितकं त्याचं पुढचं पाऊल जड.
पगार सरांनी हे आलेख काढून शिकवलं होतं.
मी मान डोलावली होती. कळलं फार नंतर.

"थांबला का?"
गांगुर्ड्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही,
मी उजवीकडे जाऊन सांगते:
थांबला. आत्तापुरता.

मग पट्टी भट्टीत. बाराशे अंश. वजन टांगलेलं.
मी 'टक्' व्हायची वाट बघते.
होत नाही.
एवढ्या धगीत कणांमधला काचेचा पापुद्रा
गुळाच्या पाकासारखा सैल पडतो,
आणि काठ धरलेले हात आवाज न करता सुटत जातात.
आधी बारीक पोकळ्या, मग त्यांची रांग,
मग रांगेचीच वाट.
थंडीत जी भांडली असती
ती इथे नुसती वाकत राहते.

बाहेर जानेवारी. निफाडला पारा चारवर.
गांगुर्ड्यांचा भाऊ बागेत शेकोट्या लावून जागा आहे.
"गारठ्याने मणी तडकतात," ते सांगतात,
"साखर भरलेले आधी."
हे लिहायला माझ्या वहीत जागा नाही.

तीन चाळीसला काटा शून्यावर.
दोन तुकडे. चहावर साय.
तक्त्यात रकाना आहे: तुटण्याचं कारण.
शब्द छापलेलेच, फक्त खूण करायची.
मी चिमट्यात तुकडा धरून दिव्याखाली फिरवते:
काठ खरबरीत, कुसळांसारखे कण वर आलेले,
उपटले गेलेले, पण अख्खे.

गांगुर्डे चष्मा कपाळावर चढवून बघतात.
"सहजी नाही सोडलं गं हिने," म्हणतात,
आणि अठरा नंबरची पट्टी शोधायला लागतात.